काही न घडणारी जागा

समुद्राच्या नकाशावर त्या डाव्या हाताचा अंगठा टेकवायच्या आणि विचारायच्या, "इथें काय नाहीं, सांग."

अंगठ्याखाली आमचा अख्खा सातारा जिल्हा मावेल एवढा समुद्र झाकलेला असायचा. समोरच्याने मग तिथे नसलेल्या गोष्टी सांगत सुटायचं. इथे नदीचं गोडं पाणी येत नाही. जहाजांचा रस्ता नाही. कोळ्यांची जाळी पडत नाहीत. भोवरे नाहीत, जोराचा प्रवाह नाही, बेट नाही, तळाशी डोंगर नाही. आपण दमून थांबलो की अंगठा न उचलता त्या म्हणायच्या, "आणखी." मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, या बाई आपली फिरकी घेताहेत.

तुम्ही म्हणाल, जिथे काहीच नाही अशा जागेचं करायचं काय? तर सांगतो. उपग्रह आकाशातून समुद्राची उंची मोजतो. पाणी बोटभर चढलं की उतरलं तेही मला कळतं, असा त्याचा दावा. हा दावा तपासायला समुद्रात अशी एक जागा लागते, जिथली उंची आपण खालून, आपल्या हाताने मोजत असतो. उपग्रह त्या जागेवरून गेला की त्याचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी ठेवायचे. त्या पाण्यात मध्येच काही घडत असेल, म्हणजे नदीचा लोंढा येतोय, भोवरा फिरतोय, तर चूक उपग्रहाची की आपली की समुद्राची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून जिथे काही घडत नाही अशी जागा हवी. अशा जागा हुडकण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

त्यांच्याविषयी लिहिताना मला दाटून वगैरे येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हाही येत नव्हतं. त्या घरात राहून राहून मलाही ती सवय लागली असावी.

घर म्हणजे आमची कचेरीच. कुंभकोणमच्या एका गल्लीत, देवळाच्या मागच्या अंगाला. समुद्र तिथून बसने दोन तास. समुद्राची उंची मोजणारी कचेरी समुद्रापासून दोन तास आत, यावर मोठ्या शहरातल्या आमच्या संस्थेत बरेच विनोद व्हायचे. दारावर पाटी होती, समुद्रपातळी केंद्र, इंग्रजी आणि तमिळमध्ये. ती वाचून एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला यायचे आणि देवळाच्या तळ्याचं पाणी कसं खाली गेलंय याची तक्रार करायचे. अक्का, म्हणजे आमच्या या बाई, त्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या, कॉफी, तिकडे तिला कापी म्हणतात, पाजायच्या, आणि तळ्याचं पाणी खरंच खाली गेलंय असं मान्य करून त्यांना घरी पाठवायच्या. मी एकदा म्हटलं, त्यांना सांगून टाका ना की हे आपलं काम नाही. तर म्हणाल्या, उंचीची तक्रार आहे, मग आपण नाही ऐकायची तर कोणी ऐकायची?

अक्का हे मी म्हणत असे. सुरुवातीला मॅडम म्हणत होतो. "मॅडम अस्के मणतात," असं त्यांनी एकदा ऐकवलं, तेव्हापासून अक्का. अस्के म्हणजे सगळे. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात तिकडे गेलेलं. मराठी घरात टिकलेली, पण ती त्या काळातली, आणि तिच्यात तमिळ मिसळलेलं. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ सुरू. माझी कराडकडची मराठी ऐकून त्यांना प्रश्न पडायचा की हा एवढ्या घाईत कुठे निघालाय. तुम्ही लोक अर्धे शब्द गिळता, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं बोलणं जुन्या सनदेसारखं वाटायचं. पण परमुलखात दुपारी भातावर दह्यातली डांगर पच्चडी वाढून कोणी "जेव रे" म्हणतंय म्हटल्यावर कोणती मराठी याची चिकित्सा कोण करणार?

समुद्र त्यांना आवडत नसे. हे ऐकून लोकांना हसू येई, पण खरं होतं. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. नाकाशी लिंबू धरून त्या तळाकडे बघत बसून राहायच्या आणि काम झालं की "सेरी, चल" म्हणायच्या. सेरी म्हणजे बरं. समुद्राकडे बघून माणसाला काहीतरी वाटतं, असं आपण धरून चालतो. त्यांना काही वाटत नसे. एकदा सूर्योदयाला आम्ही पाण्यावर होतो, आणि मी म्हटलं, अक्का, बघा तरी. त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, ढग आहेत, दुपारी वारा वाढेल.

कचेरीच्या पुढच्या खोलीत आमचा तरंगता बोया अधूनमधून आणून ठेवलेला असायचा. पिवळा, माणसाएवढा, वर अँटेना. दुरुस्तीला आणलेला असला की गल्लीतली पोरंटोरं तो बघायला येत. आयुधपूजेला शेजारच्या रेशमी साड्यांच्या दुकानातले लोक आपल्या गल्ल्याला नि तराजूला गंध लावून झालं की आमच्याकडे येत आणि बोयालाही चंदनकुंकू लावून जात. अक्कांची हरकत नसे. फक्त अँटेनाला हात लावायचा नाही, एवढी ताकीद. एका वर्षी कोणीतरी हौसेने अँटेनावर झेंडूची माळ चढवली, तर अक्का स्टुलावर चढून ती काढत होत्या आणि खालून सेल्वी, त्यांच्या घरची कामवाली, देवाचा कोप होईल म्हणून तमिळमध्ये बडबडत होती. अक्का वरूनच शांतपणे म्हणाल्या, कोप झाला तर तो आकड्यात दिसेल, मग बघू.

आता अण्णांविषयी. मागच्या खोलीत अण्णा असायचे. अक्कांचे थोरले भाऊ. आईबाप लवकर गेले, अण्णांनी बहिणीला वाढवली, शिकवली, स्वतःचा संसार मांडायचा राहून गेला. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कालवे, बांध, पूल यांत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. एकच शब्द मागे राहिला. बेष. म्हणजे छान. पाणी हवंय, बेष. पाठ दुखतेय, बेष. डास चावतोय, बेष. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ज्याचा त्याचा एखादा शब्द शिल्लक राहतो. अक्का त्या एका शब्दाच्या सुरावरून काय हवं ते ओळखायच्या, आणि कधी कधी चुकायच्याही.

अण्णांना एकदा त्यांनी मोठ्या शहरात आपल्याजवळ नेलं होतं. तिथे अण्णांनी जेवण सोडलं. तोंड मिटून घेतलं ते उघडेनात. नळी घालायची वेळ आली तेव्हा अक्कांनी गाडी करून त्यांना कुंभकोणमला परत आणलं, आणि आपल्या घरच्या खोलीत आल्यावर ते दहीभात खाऊ लागले. तेव्हापासून अक्कांनी संस्थेला सांगितलं, मी इथूनच काम करणार. संस्थेने मान्य केलं, कारण अक्कांनी निवडलेली जागा त्याच किनाऱ्यासमोर होती. बोया समुद्रात आत, उपग्रहाचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे, आणि त्याच्या जोडीला किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात भरती-ओहोटी मोजणारं यंत्र. देखरेखीला कोणीतरी जवळ हवंच होतं. ती जागा चालू आहे तोवर अक्का कुंभकोणमला. बंद झाली की परत शहरात, नाहीतर नोकरी सोडायची. हे कोणी लेखी दिलं नव्हतं, पण मला, सेल्वीला, सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जागा निवडली तेव्हा मी नव्हतो आणि अण्णा धडधाकट होते. शेवटच्या फेरीत दोन जागा उरल्या होत्या असं ऐकलं. एक दक्षिणेकडच्या खडकाळ टोकाजवळची, दुसरी ही. जागा निवडायची अक्कांची एक रीत होती. एकाने "होय" म्हणायचं, दुसऱ्याने "नको" म्हणायचं, आणि नकोवाल्याकडे बोलायला काही उरलं नाही की जागा पक्की. अक्का नेहमी "होय" बाजूने. हाताखालची माणसं "नको" म्हणून म्हणून घाम गाळायची. त्या वेळच्या नकोवाल्याने आणलेला सगळ्यात मोठा मुद्दा असा, की इथली जमीन नदीच्या गाळाची आहे, यंत्र बसवायचं तो बंदराचा धक्काच खचला तर? त्यावर उत्तर अण्णांनी शोधून दिलं होतं.

बंदराजवळ एक जुनं शिवालय आहे. लहानसंच, पण शेकडो वर्षांचं. अण्णांनी जाऊन त्याच्या पायऱ्या बघितल्या, ओळंबा लावला, सगळं सरळ. मग सर्वांत खालच्या पायरीत पितळी खिळा बसवून घेतला. धक्का हलला की नाही ते या खिळ्यावरून मोजायचं. देवळाची पायरी काही हलत नाही. तुम्हाला यात खोट दिसते का? मलाही दिसली नव्हती. कावेरीच्या काठच्या माणसाला देऊळ हलतं असं सांगून बघा. तो तुमच्याकडे बघतच राहील. अण्णा नि अक्का दोघंही शिकलेली, मोजमापातली माणसं. पण लहानपणापासून ज्या गावात दर वळणावर गोपूर दिसतं, तिथे उंची कशाच्या आधाराने सांगायची हा प्रश्नच पडत नाही.

दर सहामाहीला आम्ही तिथे जायचो. मी दुर्बीण लावायचो, अक्का पायरीवर पट्टी धरून उभ्या राहायच्या. खिळ्यापासून यंत्रापर्यंतचा फरक काढायचा. तो दर वेळी तोच यायचा. अक्का पट्टी खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हललें नाहीं." मग देवळातले गुरुजी आम्हाला प्रसादाचं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, द्यायचे, ते खात आम्ही बसथांब्याकडे चालू लागायचो. त्या दिवशी अक्कांचा चेहरा जरा सैल असायचा. घरी येऊन त्या अण्णांनाही सांगायच्या, हललं नाही म्हणून. अण्णा म्हणायचे, बेष.

गडबड सुरू झाली ती आकड्यांत. उपग्रहाचा आकडा आणि आमचा आकडा हळूहळू एकमेकांपासून दूर जाऊ लागले. आमच्या यंत्राच्या मते समुद्र जास्त वेगाने चढत होता, उपग्रहाच्या मते कमी. फरक नखाएवढा, पण दर वर्षी वाढता, आणि एकाच दिशेने. उपग्रहवाल्या परदेशी मंडळींनी आधी त्यांच्या बाजूने सगळं तपासलं. अक्कांचं या कामात मोठं नाव होतं. त्यांच्या जागेत चूक असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. शेवटी ते लोक म्हणाले, आमचंच कुठेतरी चुकत असावं, तुमच्या आकड्याप्रमाणे आम्ही या समुद्रापुरती दुरुस्ती करतो. आमच्या संस्थेत पेढे वाटले गेले. संचालकांनी फोन करून अक्कांचं अभिनंदन केलं. अक्का म्हणाल्या, थोडं थांबा.

धक्क्यावर बसवायला आम्ही उपग्रहांचे संदेश पकडणारा एक ग्राहक मागितला होता. जमिनीचीच उंची, पृथ्वीच्या मध्यापासून, रात्रंदिवस मोजत राहणारं यंत्र. अर्ज करून करून ते उशिरा मंजूर झालं होतं, आणि पहिलं वर्षभर त्याचे आकडे इतके वरखाली होत होते की काही निष्कर्ष काढण्यात अर्थ नव्हता. दुसरं वर्ष सरलं त्या सुमाराची गोष्ट. दुपारची वेळ, वीज गेलेली, मी पुढच्या खोलीत फरशीवर आडवा पडलो होतो. वीज आली तशी अक्कांनी हाक मारली. पडद्यावर एक रेघ होती. डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेलेली. मी धक्का खचतोय असं म्हणणार, तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की धक्का खचला असता तर खिळ्याशी फरक पडला असता. तो तर पडला नव्हता.

"अस्कंच खालीं जातें आहे," अक्का म्हणाल्या. "पायरीही."

धक्का, पायरी, देऊळ, गाव, सगळं मिळून, एका चालीने. खाली गाळ मऊ, आणि भोवतीच्या कोळंबीच्या तळ्यांसाठी जमिनीतलं गोडं पाणी उपसलं जात होतं. सगळंच एकत्र खाली जात असेल तर एकाला दुसऱ्यावरून मोजून काय कळणार? समुद्र जास्त चढत नव्हता, आम्ही खाली चाललो होतो. उपग्रह बरोबर होता.

अक्का बराच वेळ त्या रेघेकडे बघत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, काही दिसतंय का म्हणून. काही दिसलं नाही. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि कापीचं दूध तापवायला ठेवलं.

मी त्या दिवशी त्यांना म्हटलं, आणखी एक वर्षाचे आकडे येऊ देत, मग सांगू. दोन वर्षं कमीच आहेत, असं शास्त्रही म्हणेल. हे मी शास्त्रासाठी म्हणत नव्हतो. मागच्या खोलीतून अण्णांच्या खाटेची करकर ऐकू येत होती. अक्कांना ते कळलं. त्यांनी मला कापी दिली आणि विचारलं, "त्या वर्षांत ते लोक आमचे आकडे खरे मणून दुरुस्ती करतील. त्याचें काय?" या समुद्राकाठी किती बांध घालायचे, कुठली गावं हलवायची, ते त्या दुरुस्त आकड्यांवरून ठरणार होतं. ते आकडे आमच्या एका पायरीने खोटे पाडले असते.

संध्याकाळी त्या अण्णांच्या खोलीत गेल्या. मी खिडकीचा निखळलेला गज बसवत तिथेच होतो, त्यामुळे ऐकलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि नेहमी हवापाण्याचं सांगत तशा आवाजात म्हणाल्या, "अण्णा, पायरी हलली. मी उद्यां सांगणार. मग ही कचेरी राहणार नाहीं."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना किती समजत होतं हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. पायरी तर त्यांनीच निवडलेली. त्यांचा डावा हात चादरीवर थोडा सरकला. मग ते म्हणाले, बेष. त्या बेषचा सूर कुठला होता ते मी आजही सांगू शकत नाही, आणि अक्कांनाही ओळखता आला नसावा. मग त्यांनी पदराने अण्णांच्या तोंडाची कड पुसली आणि दिवा लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची बैठक होती. संचालक, परदेशी मंडळी, आमच्या संस्थेतले आठदहा लोक. सुरू व्हायच्या आधी अक्का मला म्हणाल्या, "आज तूं होय मण. मी नको मणतें." त्यांच्या बरोबर काम केलेल्या कोणालाही मी हे सांगितलं तर तो चमकतो. अक्का "नको" म्हणताहेत, हे कधी कोणी ऐकलंच नव्हतं. मी आपला "होय" म्हणू लागलो. इथे जहाजांचा रस्ता नाही, म्हटलं. प्रवाह नाही. भोवरे नाहीत. इतक्या वर्षांची अखंड नोंद आहे, आणि ती तोडली तर पुन्हा मिळणार नाही. मी मनापासून बोललो. इतकं चांगलं मी नोकरीच्या मुलाखतीतही बोललो नव्हतो. अक्का माझं एकेक वाक्य पूर्ण होऊ द्यायच्या आणि मग ती रेघ दाखवायच्या. तीन-चार वेळा असं झाल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

संचालक भला माणूस. त्याने सुचवलं, जागा बंद नको, दुय्यम म्हणून ठेवू, मॅडम तिथूनच बघतील. त्याच्या परीने तो वाट काढून देत होता. अक्का म्हणाल्या, दुय्यम म्हणून ठेवलेली जागा कोणीतरी कधीतरी पहिली म्हणून वापरतो. काढून टाका. खडकाळ टोकाजवळची घ्या. तिचे नकाशे मी रात्रीच पाठवले आहेत. मग त्यांनी नमस्कार केला आणि पडदा बंद केला. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. त्यांनी सेल्वीला हाक मारून अण्णांना कूस बदलायची वेळ झाली का, एवढं विचारलं.

शहरात हजर व्हायचा हुकूम आला, त्याच आठवड्यात त्यांनी निवृत्तीचा अर्ज केला. माझी नेमणूक खडकाळ टोकाजवळच्या नव्या जागेवर झाली. मी यंत्रं उतरवली, खोकी बांधली, पाटी काढली. तळ्याचे ते म्हातारे गृहस्थ नेमके त्या दिवशी आले आणि पाटी नाही हे बघून परत गेले. बंदरावर जाऊन पायरीतला खिळा काढू का, असं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, असू द्या, देवाला काही टोचत नाही. निघताना मी अक्कांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि खडकावर वारा फार असतो, कान झाकत जा, असं सांगितलं. मला रडू यायला हवं होतं असं वाटतं. बसमध्ये बसल्यावर मी पापनाशम् गाव येईपर्यंत खिडकीबाहेरची केळीची बाग बघत होतो, आणि माझ्या मनात काहीही नव्हतं.

ज्या अण्णांसाठी त्यांनी काम सोडलं, ते त्यानंतर तिसऱ्या महिन्यात गेले. सकाळी अक्का तोंड धुवायला पाणी घेऊन गेल्या तेव्हा ते झोपेतच गेलेले होते. मला फोन आला तो चार दिवसांनी. "अण्णा गेले. तूं येऊं नको, अस्कं झालें," असं म्हणून त्यांनी बोया नीट तरंगतोय का ते विचारलं. मी सांगितलं, तरंगतोय. तीन महिने थांबल्या असत्या तर, हा हिशेब माझ्या डोक्यात आला, तुमच्याही येईल. त्यांच्या डोक्यात तो आला की नाही, मला माहीत नाही. संचालकांनी त्यांना पुन्हा बोलावलं, सल्लागार म्हणून. त्या पाहूं म्हणाल्या, आणि मग त्यांनी कधी त्याचं उत्तर दिलं नाही.

पुढे थंडीच्या सुरुवातीला एक दिवस त्या खडकावर आल्या. न कळवता. रात्रभर रेल्वेने आणि पुढे बसने. हातात कापडी पिशवी, साडी नीट चापून नेसलेली. फाटकावरच्या राखणदाराने त्यांना अडवलं, कारण त्यांच्याकडे आता ओळखपत्र नव्हतं. मी धावत जाऊन त्यांना आत आणलं. ही जागा त्यांनी कागदावर अनेकदा पारखली होती, पण पाऊल पहिल्यांदाच टाकत होत्या. त्यांनी धक्का बघितला, यंत्र बघितलं, खडकात ठोकलेले आमचे खिळे हात लावून बघितले. त्या दुपारी उपग्रह आमच्या बोयावरून जायचा होता. मी म्हटलं, चला होडीत. त्यांनी मान हलवली आणि सावलीत एका दगडावर बसल्या. तूं जा, म्हणाल्या.

आम्ही गेलो. पाणी तेलासारखं शांत होतं. ठरल्या वेळी मोजणी घेतली, आणि किनाऱ्याकडे परतत असतानाच उपग्रहाचा प्राथमिक आकडा माझ्या फोनवर आला. दोन्ही आकड्यांत फरक जवळजवळ नव्हताच. इतकी चांगली जुळणी आम्हाला त्या गाळाच्या किनाऱ्यावर एकदाही मिळाली नव्हती. मला आनंद झाला. खूप दिवसांनी काहीतरी झालं एकदाचं. होडी लागायच्या आधीच मी उडी मारली, गुडघाभर भिजलो, आणि अक्का बसल्या होत्या तिकडे पळत सुटलो.

दगडावर कोणी नव्हतं. फाटकावर राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, अम्मा तर मघाशीच गेल्या. तुम्ही थोडं थांबा, सार येतीलच, असं मी म्हटलं त्यांना. पण म्हणाल्या, थोरले भाऊ घरी एकटे आहेत, मला उशीर करून चालणार नाही. मग मीच त्यांना बस दाखवून दिली.

राखणदार पोक्त, घरसंसारी माणूस. माझ्या ओल्या पँटकडे बघत त्याने आस्थेने विचारलं, "भाऊ फार आजारी असतात का, सार? आता कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हटलं.